इरकलीचं वजन

आमच्या घरात वजन करायचं मशीन कधी नव्हतं आणि लागतही नव्हतं, कारण वडिलांची, अप्पांची, शेतमालाची अडत होती. खजुरीहून आळंदकडे येणाऱ्या रस्त्यावर दुकान, मागे गोदाम आणि पुढे ओट्यावर लोखंडी पाट्याचा इलेक्ट्रॉनिक काटा. पोतं टाकलं की लाल आकडे पेटायचे. घरात कुणाला वजन बघायची हौस आली की तो त्याच पाट्यावर चढायचा. भावाची मुलगी महिन्याची झाली तेव्हा तिलाही तुरीच्या दोन पोत्यांमध्ये ठेवून वजन केलं होतं आणि सगळे हसले होते. माझ्या वजनावरचं हसणं मात्र मी चोवीस वर्षांची झाले तेव्हा बंद झालं.

त्या वर्षी माझी पाळी चार-चार महिने येईनाशी झाली. डोक्यावरचे केस फणीत यायला लागले आणि हनुवटीवर नवे उगवायला लागले. मानेची कातडी काळी पडली. अव्वाला तो मळ वाटला. दर शुक्रवारी न्हाताना ती माझी मान वजरीने घासायची आणि रक्त आलं की वर हळद लावायची. मी ओरडले की म्हणायची, स्वच्छ राहिली असतीस तर ही वेळ आली नसती. माझ्या आईच्या हातात जोर फार, आणि तिला आपण मायेने घासतोय असंच वाटायचं.

शेवटी कलबुर्गीला एका डॉक्टरबाईंकडे गेलो. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. बाई म्हणाल्या पीसीओडी आहे, पुष्कळ मुलींना असतो, घाबरायचं कारण नाही. पाच-सहा किलो वजन कमी केलं तर पाळी सुधारेल, पण सावकाश करायचं. भाकरी सोडू नकोस, जेवणाला दोन खा, पण ताटात निम्मी जागा भाजीला दे. डाळ, उसळ, ताक रोज. साखरेचा चहा, बिस्किटं, बेकरीचं बंद. रोज पाऊण तास चाल. आणि उपाशी राहू नकोस, उपाशी राहून उतरवलेलं वजन परत येतं. हे त्यांनी आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग अव्वाला नीट कळावं म्हणून मराठीत. अव्वाने दोन्ही भाषांत एवढंच ऐकलं की पोरगी जाड आहे.

बाईंनी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं मी देवळीत ठेवत असे. तिथेच ती सापडली. दसऱ्यानंतर बसवकल्याण तालुक्यातून, राजेश्वरच्या बाजूचं एक स्थळ आलं होतं. आमच्यासारखेच बसवण्णांना मानणारे, घरात दोन्ही भाषा, आणि धंदाही अडतीचाच. मुलगा बापाच्या दुकानात बसायचा. चहा झाला, पोहे झाले, मुलाची आई घर बघते म्हणून आत आली आणि तिने सरळ देवळीत हात घातला. पाकीट उलटंपालटं करून तिने मला विचारलं, पाळी कधी आली होती. मी खरं सांगितलं. तिच्या पुतणीला हेच होतं म्हणे, म्हणून गोळी ओळखीची होती.

मला वाटलं, आता हे लोक उठून जातील. गेले असते तर बरं झालं असतं. पण घर त्यांना आवडलं होतं, अप्पांचं बाजारात नाव होतं, आणि मुलाची आई सहजासहजी काही सोडणारी नव्हती. तिने अट घातली. येळवशीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येपर्यंत, मुलगी बासष्ट किलोवर आली पाहिजे. आली तर पुढच्या सोमवारी साखरपुडा, नाही आली तर तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे. तेव्हा मी अडुसष्ट होते. बासष्ट हा आकडा कुठून आला म्हणाल तर पुतणी लग्नात तेवढी होती आणि तिला पुढे मूल झालं. अप्पांनी पान पुढे केलं आणि म्हणाले, ठरलं. मला त्या मुलाशी लग्न करायचं होतं का, हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला करायचं होतं. त्याच्यासाठी नाही, त्या घरातून, त्या वजरीपासून सुटायचं होतं म्हणून.

आता अप्पांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या धंद्यातून आलं. त्यांचा उभा जन्म वजनात गेलेला. तुरीचा दाणा दाताखाली धरून ते ओलावा सांगायचे आणि क्वचितच चुकायचे. पोत्याचं वजन झालं की त्यातून दोन गोष्टी वजा व्हायच्या. एक बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, ते न्यायाचंच. दुसरा कडता. ओलावा, माती, काडीकचरा असं तोंडाने म्हणत क्विंटलमागे किलो-दोन किलो कापायचे, माल खडखडीत वाळलेला असला तरी. शेतकरी कुरकुरायचे. अप्पा त्यांच्याकडे न बघता पुढचं पोतं ओढायचे. कडता मिळत नसेल तर अडत कसली, असं ते घरात उघड म्हणत.

तर वजन उतरवायचा अप्पांना माहीत असलेला रस्ता एकच: ओलावा काढणं. त्यांनी माझा दंड दोन बोटांत धरून दाबला आणि अव्वाला म्हणाले, "ह्याच्यात निम्मं पानीच हाय. वाळवा हिला."

आणि खरोखरच त्यांनी मला वाळवलं. दुपारी एक ते तीन गच्चीवर, तुरीच्या वाळवणाभोवती फेऱ्या. अंगात भावाचा जुना स्वेटर, घाम यावा म्हणून. भाकरी बंद. दोन्ही वेळा हुलग्याचं माडगं, कारण हुलगा चरबी खातो असं अव्वाला कुणीतरी सांगितलं होतं. शेंगांची चटणी आणि गूळ कपाटात, किल्ली अव्वाच्या कमरेला. रविवारी दुपारनंतर पाणी बंद, ते सोमवारी सकाळी वजन होईपर्यंत. सोमवार शंकराचा वार. अप्पा दुकान उघडून आधी काट्याला भस्म लावत, फूल ठेवत आणि पहिल्या पोत्याच्या आधी मला चढवत. अडतीत पहिल्या पोत्याला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. माझ्या वेळी अप्पा नुसता आकडा म्हणत, तोही सवयीप्रमाणे मोठ्याने, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा. हमाल दुसरीकडे बघायचे. त्या माणसांना लाज होती.

पहिल्या सोमवारी दीड किलो उतरलं. अप्पा खूश. मंगळवारी दोन तांबे पाणी प्याले तशी मी होते तिथे आले. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. अप्पांना हिशेब लागेना. वाळलेला माल पुन्हा ओला होतोच कसा? त्यांनी निष्कर्ष काढला की मी चोरून खाते. अव्वाने माझी उशी, गादी, कॉलेजची जुनी बॅग, सगळं झाडून बघितलं. बॅगेत एक बिस्किटाचा पुडा निघाला, दोन वर्षांपूर्वीचा, मुंग्यांनी पोखरलेला. तो तिने जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर ताटात ठेवला. मी ताट ढकललं आणि उठले, तर म्हणाली, बरंच झालं, एक जेवण वाचलं.

तिसऱ्या सोमवारी मी काट्यावरच चक्कर येऊन पडले. जवळच्या हमालाने मला वरच्या वर धरलं आणि पोत्याला टेकवून बसवलं. त्याने आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. अप्पा धावत आले, पण माझ्याकडे नाही, रस्त्यावर कोण बघतंय ते बघायला. त्या दिवसापासून पाणीबंदी उठली. मी मेले असते म्हणून नाही, तर परक्या माणसाचा हात पोरीला लागला म्हणून. मला ते तेव्हाच कळलं होतं आणि तरी मी आभार मानले, कारण माझ्यासमोर भरलेला तांब्या होता.

त्यानंतर मी डॉक्टरबाईंचा कागद भिंतीला चिकटवला आणि अव्वाला सांगितलं, ह्यात आहे तेच मी खाणार, नाहीतर येळवशीला कुणालाच तोंड दाखवणार नाही. ती घाबरली, माझ्यासाठी नाही, पाहुण्यांसाठी. ज्वारीच्या दोन भाकरी, पालेभाजी, तुरीचं वरण, ताक. संध्याकाळी निंबर्ग्याच्या फाट्यापर्यंत चालत जायचं आणि यायचं. पहिले आठ दिवस काही झालं नाही. मग आकडा हलायला लागला, आठवड्याला किलोभर, कधी थोडा कमी, आणि मंगळवारी परत चढेना. अंगात ताकद होती. झोप लागत होती. येळवशीच्या आधीच्या सोमवारी सुती गाऊनमध्ये माझं वजन भरलं एकसष्ट किलो आठशे. अप्पांनी आकडा म्हटला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान हलवली. मी त्या मान हलवण्यावर चार दिवस जगले. इतकी मूर्ख मी नंतर कधी झाले नाही.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या. सगळं गाव शेतात. कडब्याची खोप करून आत पांडवांची पूजा, आणि मग जेवण. भज्जी, म्हणजे चुका, वाटाणा, वालाच्या शेंगा, भिजवलेले दाणे असं सगळं बेसनात शिजवलेलं. बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर आणि मडक्यातलं ताकाचं आंबील. त्या दिवशी शेतावर आलेल्या माणसाला न जेवता सोडत नाहीत आणि आलेला माणूस नको म्हणत नाही. राजेश्वरकडची मंडळी गाडी करून आली. मुलगा, त्याची आई, त्याचा बाप. अव्वाने मला इरकल नेसवली होती, जाड काठाची, तिच्या लग्नातली. दोन्ही हातांत डझन-डझन काचेच्या बांगड्या आणि पाटल्या, गळ्यात बोरमाळ.

पंगत बसली. मी अर्धा उंडा आणि वाटीभर भज्जी घेतली आणि थांबले. तेवढ्यात मुलाची आई स्वतः वाढायला उठली. माझ्यासमोर वाकून तिने दोन उंडे ठेवले, वर भज्जी ओतली, वाटीत खीर, आणि आंबिलाचा तांब्या माझ्या हातात दिला. मी नको म्हटलं तर म्हणाली, "खा गं. सणाचं न्हाई म्हणू न्हाई. आमच्या घरात येऊन बी असंच उपाशी ऱ्हायलीस मंजी लोक मला काय म्हंतील?"

अव्वाने डोळ्यांनी खूण केली, खा. मी खाल्लं. सगळं खाल्लं, आंबिलाचा तांब्या रिकामा केला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला खा म्हणत होतं आणि त्या बाईवर मला माया दाटून आली. सासू अशी मिळाली तर काय पाहिजे, असं माझ्या मनात आलं. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

हात धुऊन होतात न होतात तोच ती अप्पांना म्हणाली, चला, जाताना काट्यावरनं जाऊ. सगळे गाडीत बसलो. दुकान सणामुळे बंद होतं. अप्पांनी कुलूप काढलं, काट्याची पिन लावली. शून्य आलं. मी चढले. लाल आकडे हलले आणि थांबले: बासष्ट किलो नऊशे.

मी अप्पांकडे बघितलं. माझ्या अंगावर सहावारी इरकल होती, चोवीस बांगड्या होत्या, सोनं होतं, आणि पोटात त्या बाईने वाढलेला सण होता. हे सगळं त्यांना माहीत होतं. गाऊनवरचा आकडा त्यांनी स्वतः तोंडाने म्हटला होता. रिकाम्या पोत्याचंसुद्धा ते वजन कापत होते. नुसतं म्हणायचं होतं, लुगड्याचं किलोभर काढा. मुलाचा बापही अडत्याच होता, त्याला ते तोंडपाठ होतं, त्यानेही मान हलवली असती. मी तोंड उघडलं नाही. आमच्याकडे काट्यावर माल बोलत नाही, अडत्या बोलतो.

मुलाच्या बापाने विचारलं, "बारदान धरायचं का, अण्णा?"

त्याने विचारलं होतं. त्याने दार उघडून दिलं होतं. अप्पांनी काट्यावरून नजर न उचलता सांगितलं, "काटा काटा असतोय. नऊशे वर हाय."

मुलाची आई पदर सावरत गाडीकडे निघाली. मुलगा काट्याजवळ उभा राहून मोबाइल बघत होता. तो नव्वद किलोच्या पुढे असावा, शर्टाच्या बटणांमधून बनियन दिसत होतं. त्याला कुणी काट्यावर चढवलं नाही. जाताना तो मला म्हणाला, "येतो मग." जसं काही उद्या परत येणार होता. मी काट्यावरून उतरायलाही विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वाने माझ्या ताटात चार भाकऱ्या टाकल्या आणि शेंगांच्या चटणीचा डबा उघडा करून ठेवला. म्हणाली, "खा आता. आता कुनासाटी वाळायचंय?" मी दोन खाल्ल्या. दोन परत दुरडीत ठेवल्या. एवढं एकच त्या दिवशी मी स्वतःच्या मनाने केलं.

पुढे मी कलबुर्गीला रक्त तपासण्याचा कोर्स केला आणि एका लॅबमध्ये लागले. खोलीवर स्वतःचा स्वयंपाक. ज्वारी, डाळ, भाजी, संध्याकाळचं चालणं. वजन चौसष्टवर स्थिर झालं, म्हणजे त्या बाईच्या अटीपेक्षा दोन किलो वर, आणि चौसष्टवरच माझी पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली. तिसऱ्या महिन्यात खात्री पटली तेव्हा मी न्हाणीघरात बसून रडले. सांगायला कुणी नव्हतं. घरी फोन केला असता तर अव्वाने विचारलं असतं, आता काय उपयोग.

अव्वा गेली त्याला तीन वर्षं झाली. दुकान भावाने घेतलं, वैनीचं आणि अप्पांचं पटेना, अप्पांची साखर वाढली आणि पायाची जखम बरी होईना. म्हणून ते माझ्याकडे आले. दवाखाना जवळ आणि लेकीची लॅब. भावाने दोन वाक्यांत सोय लावून टाकली. डॉक्टरांनी अप्पांना वजन कमी करायला सांगितलंय, दोन भाकरी, साखर बंद. साखर अंगात नीट न जिरण्याचा हाच दोष थोड्या वेगळ्या वाटेने माझ्या पीसीओडीतही बसलाय, तो त्यांच्याच रक्तातून आला असणार, असं मला लॅबमध्ये रोज वाटतं. मी खोलीसाठी लहान काटा आणला आहे. दर सोमवारी, अंघोळ झाली की, मी त्यांना त्यावर उभं करते. वार मुद्दाम निवडला.

गेल्या सोमवारी ते चढले तेव्हा अंगात सदरा, धोतर, खिशात फोन आणि विभूतीची डबी होती. आकडा मागच्यापेक्षा वर दिसला. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "धोतराचं धर की गं. फोनचं बी."

मी पाच वर्षं ह्याच वाक्याची वाट बघत होते. "काटा काटा असतोय, अप्पा," मी म्हटलं, आणि आकडा मोठ्याने वाचला, दार उघडं होतं तरी. मला बरं वाटलं. बरं वाटलं हे मी लपवणार नाही.

ते उतरले नाहीत. भिंतीला हात लावून तसेच उभे राहिले. त्यांना सगळं आठवत होतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मला वाटलं, आता चुकलं म्हणतील. ते म्हणाले, "समोर अडत्या हुता गं. तेच्यापुडं वजनात हात घातला असता, मंजी बाजारात काय ऱ्हायलं असतं माजं? शेतकऱ्याचं येगळं."

एवढंच. ह्यात त्यांना काही चूक दिसत नव्हती. ते मला धंदा समजावत होते. मी हात धरून त्यांना खाली उतरवलं आणि स्वयंपाकाला लागले.

डॉक्टरांनी त्यांना दोन भाकरी लिहून दिल्या आहेत. मी परातीत दोन गोळे करते आणि थापायच्या आधी प्रत्येकातून चिमटीभर पीठ कडता म्हणून काढून बाजूला ठेवते. ते आल्यापासून असंच करते. त्या दिवशीही केलं. ताट पुढे ठेवलं तेव्हा त्यांनी भाकरी उचलून तळहातावर धरली, क्षणभर तोलली आणि माझ्याकडे बघितलं. त्या हाताला वजन कळतं. मग मान खाली घालून त्यांनी तुकडा मोडला आणि जेवायला लागले.